अनंतरावांच्या हातचं हेलिकॉप्टर

"माहितीपत्रक वाचून वस्तू जोडणं हे ज्यांच्या हातात कसब नाही त्यांचं काम!" असं म्हणून अनंतराव गावंड्यांनी खोक्यातलं माहितीपत्रक चहाच्या कपाखाली सारलं. उभी हयात सरकारी नोकरीत गेलेली. कागद न वाचता काम पुढे कसं ढकलायचं, हे त्यांना कुणी शिकवायची गरजच नव्हती!

खोक्यात एका हेलिकॉप्टरचे प्लॅस्टिकचे बारीक बारीक तुकडे होते. ते जोडले की हातभर लांबीचं, हुबेहूब हेलिकॉप्टर तयार होणार होतं. आता नेरसारख्या गावात, निवृत्तीला टेकलेल्या माणसाला हा उद्योग कशाला सुचावा? तर त्याला कारण होतं. रविवारी त्यांच्या प्राचीला पाहायला मुकुटबनचे भोयर येणार होते. मुलगा क्षितिज नागपूरच्या विमानतळावर हेलिकॉप्टरं दुरुस्त करायच्या कामावर. औषधाच्या दुकानात बसणाऱ्या प्राचीनं आजवर आलेलं प्रत्येक स्थळ नाक मुरडून परत पाठवलं होतं. या मुलाशी मात्र ती फोनवर बोलली आणि आईला म्हणाली, "बरा वाटते." प्राचीच्या तोंडून 'बरा' म्हणजे दुसऱ्यांच्या मुलींचं 'फारच छान'! त्यामुळे हे स्थळ काही झालं तरी हातचं जाऊ द्यायचं नाही, असं अनंतरावांनी मनाशी पक्कं केलं.

"पोरगा घरात आला की पह्यले नजर शोकेसवर गेली पाह्यजे. त्यानं म्हटलं पाह्यजे, मानूस जाणकार आहे!"

शीलाबाई पोह्यांसाठी कांदा चिरत होत्या. "त्याले तेच दिसते रोज! साडीवाल्याच्या घरी जाऊन साडी दाखवान काय तुम्ही?"

"तुले नाही समजत त्यातलं."

शनिवारी संध्याकाळपर्यंत हेलिकॉप्टर बऱ्यापैकी हेलिकॉप्टरासारखं दिसू लागलं. एक दार जरा तिरपं बसलं. मूठभर तुकडे उरले. "कंपनी जास्तीचे देतच असते," असं म्हणून अनंतरावांनी ते खिडकीतून परसात टाकले. आता फक्त पोटाखालच्या, जमिनीवर टेकायच्या दोन पट्ट्या राहिल्या होत्या. पण खोक्यातला गोंद संपला. मग रविवारी सकाळी ते किराणा दुकानातून झटक्यात चिकटणाऱ्या गोंदाची नळी घेऊन आले.

पाहुण्यांना अकराची वेळ दिली होती. अकरा म्हणजे एक, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या हिशेबानं अनंतराव अकराला थोडा अवकाश असताना निवांत कामाला बसले. नळीचं तोंड काही उघडेना. त्यांनी दाबली. उघडेना. दातओठ खाऊन दाबली. तोंड तसंच राहिलं आणि नळी बुडाशी फुटली! सगळा गोंद उजव्या तळहातावर. तेवढ्यात हेलिकॉप्टरखाली टेकवून ठेवलेल्या पट्ट्या घसरू लागल्या, म्हणून त्यांनी त्याच हातानं हेलिकॉप्टर खालून गच्च धरलं.

"घट्ट धरून ठेवलं का पक्कं बसते," ते स्वतःशीच म्हणाले. बसलं. फारच पक्कं बसलं!

त्याच वेळी दारात गाडीचा हॉर्न वाजला.

"अहो, पाहुणे आले!"

"आत्ता? आत्ता त अकरा वाजले!"

"अकरालेच बोलावलं होतं ना!"

"म्हणून काय अकरालेच येते कोणी?"

विमानतळावर काम करणारा जावई वेळेवर येणार, हा विचार त्यांच्या डोक्याला शिवलाच नव्हता. शीलाबाईंनी पाणी ओतलं, खोबरेल चोळलं, हात ओढला. अनंतराव दबक्या आवाजात बोंबलले. हेलिकॉप्टर हलेना.

"प्राचीले हाक मारू काय?"

"अजिबात नाही! साडी नेसून राह्यली ते. रडली-बिडली त डोळे सुजतीन!"

शेवटी व्याह्यांच्या खांद्यावर घालायला आणलेला शेला शीलाबाईंनी नवऱ्याच्या हातावर गुंडाळला, आणि अनंतराव कोपरापासून भलं मोठं गाठोडं घेऊन दाराशी गेले.

आले होते तिघंच. क्षितिज, त्याचे वडील उकंडराव आणि उकंडरावांची थोरली बहीण सत्यशीला आत्या. भोयरांच्या घरात शेवटचा शब्द आत्याचा. अनंतरावांनी पाय धुवायला पाणी दिलं ते डाव्या हातानं. कुंकू लावलं तेही डाव्या हातानं! आत्याच्या भुवया कपाळातल्या कुंकवापर्यंत गेल्या. उकंडराव मात्र मोकळ्या मनाचा माणूस. त्यांनी दोन्ही हात पसरून व्याह्यांना मिठी मारली आणि दुसऱ्याच क्षणी "अगाई!" करून मागं उडी मारली.

"काय टोचलं जी हे?"

"हाड," अनंतरावांच्या तोंडून निघून गेलं. "हाड आहे. जरासं वर आलं."

नेमक्या तेव्हाच शीलाबाई पाण्याचे पेले घेऊन बाहेर आल्या. "झोपीत अवघडला जी हात. बाकी काही नाही."

आत्यानं एकदा अनंतरावांकडे पाहिलं, एकदा शीलाबाईंकडे पाहिलं. पोहे आले. अनंतराव डाव्या हातानं चमचा धरून पोहे खाऊ लागले, त्यातले निम्मे मांडीवर सांडले. शेल्याआडच्या हेलिकॉप्टरच्या दडपणानं त्यांच्या कपाळावर घाम आला होता, तोही त्यांना पुसता येईना. आत्या उकंडरावांच्या कानाला लागली. पण जन्मभर शेतात हाका मारलेली बाई. तिचं कुजबुजणं शेजारच्या घरातही ऐकू गेलं असेल.

"उकंडा, लकवा आहे हा. आन् लपवून राह्यले! एक म्हणते हाड, एक म्हणते अवघडला. आज हे लपवतात, उद्या काय लपवतीन?"

उकंडरावांचा चेहरा पडला. त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "बरं मंग, निंगतो आम्ही. कळवतो तुमाले."

कळवतो! मुलीच्या बापाला या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. चहाचा ट्रे घेऊन प्राची पडद्याशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. एरवी पाहुणे उठून गेले की सुटकेचा श्वास टाकणारी ही मुलगी, आज ओठ घट्ट दाबून जमिनीकडे पाहत होती. अनंतरावांनी तिच्याकडे पाहिलं. आपली अब्रू गेली खड्ड्यात! ते ताडकन उठले आणि त्यांनी शेला फेडून टाकला.

"लकवा नाही जी! हेलिकॉप्टर आहे!"

अनंतरावांचा हात आशीर्वाद द्यावा तसा वर, आणि हातात हेलिकॉप्टर. वरचं पातं शेल्याच्या झटक्यानं गरगर फिरत होतं.

पहिल्यांदा क्षितिज पुढे झाला. त्यानं वाकून नीट पाहिलं. "काका, पायलट मागं तोंड करून बसला."

"बाबा!" प्राचीनं ट्रे टेबलावर आपटला. "मले काहून नाही सांगितलं? नेलपॉलिश काढायचं औषध घरात आहे ना!"

ती बाटली घेऊन आली. ती थेंब थेंब टाकत होती, क्षितिज बोटं एकेक करून सोडवत होता, आणि दोघांच्या मधे अनंतराव हात पुढे करून बसले होते.

"जोरात नका ओढू, कातडी निघीन," प्राची म्हणाली.

"नाही ओढत. तुम्ही नागपूरले यायले तयार आहा?"

"औषधाची दुकानं नागपुरातही असतीनच की."

"पोराइले एकटं बोलू द्या ना जरा," उकंडराव म्हणाले.

"मी कुठं जाऊ जी? हात इथंच आहे माहा!"

उकंडराव आधी खोकल्यासारखं हसले, मग मोठ्यानं हसले, मग डोळे पुसू लागले. त्या औषधानं हेलिकॉप्टरचं पोट विरघळलं, पट्ट्या गळून पडल्या, आणि शेवटी अंगठा मोकळा झाला. तळहात लालेलाल झाला होता, पण अनंतरावांना इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. लाज गेली ती गेली, पण प्राची हसत होती आणि 'कळवतो' म्हणणारा माणूस दुसऱ्यांदा पोहे मागत होता.

एकटी आत्या तेवढी हसली नव्हती. तिनं विरघळलेलं हेलिकॉप्टर हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, मग अनंतरावांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"मानूस खोटा नाही, हे समजलं," ती म्हणाली. "आता एकच सांगा. पोरगी अकलेनं बापावर गेली, का मायवर?"

"मायवर!" सगळं घर एकदम ओरडलं. त्यात सगळ्यांत मोठा आवाज अनंतरावांचा होता.