हॉलमधला क्रूस

कॅनडातल्या सँ-ऑनोरीन गावात फ्रेंच शाळा एकच, आणि तिच्या हॉलच्या भिंतीवर क्रूसही एकच. रंगकामासाठी तो उतरवण्यात आला. रंग वाळल्यावर, तो परत टांगण्यास ठरावाची आवश्यकता आहे, हे शाळा मंडळाचे अध्यक्ष लाफ्रेनिएर यांच्या लक्षात आले, आणि तिथेच माशी शिंकली.

"टांगा की! खिळा तर तिथंच आहे," सोलांज म्हणाली. तिची मिरेय चौथीत होती. नवरा इंग्रजी बोलणारा, शेजार इंग्रजी, दुकान इंग्रजी. पोरीच्या तोंडी फ्रेंच टिकलीच तर या शाळेमुळे.

"खिळा आहे गं, पण अधिकृत नाही," अध्यक्ष म्हणाले.

"देवाला माझी हरकत नाही," सदस्या मादाम पेलकँ म्हणाल्या, "पण सगळ्यांच्या करातून त्याला एकट्याला भिंत कशाला?"

तडजोड म्हणून क्रूसापुढे पडदा लावण्यात आला. कॅथलिक मुले आली की उघडायचा, इतर आली की ओढायचा. परंतु वर्ग एकच असल्याने मुले एकत्रच येत. सबब शाळेच्या दोन शाळा करण्यात आल्या. मधोमध भिंत, दोन मुख्याध्यापक, दोन घंटा. मिरेयचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये झालेला, पण बाप प्रोटेस्टंट. तिचे प्रकरण विचाराधीन राहिले आणि बाक भिंतीतल्या दारात.

"काका, पोरीनं उंबऱ्यावर बसून शिकायचं?"

"तात्पुरतं गं. आणि वारा बघ किती छान येतो तिथं!"

पुढे पडद्याची दोरी कोणाच्या ताब्यात, यावरून दोन्ही शाळा कोर्टात गेल्या. वकिलांना फ्रेंच येत नव्हते. त्यांच्या सोयीसाठी सभा इंग्रजीत भरू लागल्या. 'फ्रेंच वाचवा' हे अध्यक्षांचे इंग्रजी भाषण तर फारच गाजले.

एव्हाना पालक मुलांना इंग्रजी शाळेत हलवू लागले होते. पहिली गेली ती अध्यक्षांची नातवंडे. "तिथं हॉकी चांगली शिकवतात," ते म्हणाले, "तत्त्वाचा प्रश्न नाही." शेवटी उंबऱ्यावर मिरेय एकटी उरली, आणि पटसंख्येअभावी दोन्ही शाळा बंद झाल्या. समारोपाला प्रार्थना म्हणावी की नाही यावर एकमत होईना, म्हणून सगळे नुसते उभे राहिले.

नव्या शाळेतून मिरेय घरी आली. सोलांजने फ्रेंचमध्ये विचारले, "आज काय शिकलीस गं?"

मिरेयने सविस्तर सांगितले. इंग्रजीत.

हे वाचून ज्यांना हसू आले, त्यांनी ही गोष्ट आज घरी मुलांना मोठ्याने वाचून दाखवावी. मधूनमधून अर्थ इंग्रजीत सांगायची तयारी मात्र ठेवावी.