फणींद्रपंतांचं कालातीत वस्त्र

एका जंगलात, बाळांनो, कपड्यांची साथ आली होती. दर अमावास्येला जुनी फॅशन जायची, प्रतिपदेला नवी यायची. सशांनी पानांचे झगे शिवले, तर ती पानं वाळायच्या आत पिसांच्या टोप्या आल्या. एके दिवशी एक लांडोर वाघमहाराजांच्या पट्ट्यांना ‘गेल्या सालचे’ म्हणाली.

त्याच दिवशी फर्मान निघालं : ज्याचं वस्त्र कालातीत, त्यालाच दरबारात जागा.

फणींद्रपंत नाग म्हातारे, विद्वान आणि शंकेखोर. वानर कारभाऱ्याने त्यांना नखशिखान्त निरखलं. नखं नव्हती, तरी निरखलं.

“पणजोबांपासून हाच रंग, हीच नक्षी. पंत, तुम्ही पास. बसा.”

ही कात मागच्याच महिन्यातली आहे, हे पंतांना सांगायचं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच कोणी त्यांना ‘बसा’ म्हटलं होतं. दरबारातली जागा म्हणजे करवंदीच्या जाळीखालचा गार दगड. पंत बसले.

दिवस गेले. कात आवळू लागली. डोळ्यांवर सायीसारखा पडदा आला.

“अहो, घासा अंग आणि व्हा मोकळे,” नागीणबाई म्हणाल्या.

“आणि दरबार?”

“धाप लागलीय तुम्हाला. दरबार काय तेराव्याला भरवणार?”

“नियम काय म्हणतो, ते एकदा वाचून बघतो.”

“वाचा. दिसतंय का?”

दुसऱ्या दिवशी भर दरबारात पंतांचा जीव घुसमटला. त्यांनी हळूच काट्यावर नाक घासलं. कात जाळीत अडकली आणि पंत मागच्या मागे सुटले. श्वास मोकळा झाला, तशी लाज वाटली. खरं काय ते सांगून टाकावं, म्हणून ते वळसा घालून पुढच्या दाराशी आले.

“नवे कपडे आत चालत नाहीत, काका,” साळिंदर पहारेकरी म्हणाला.

“अरे, मी फणींद्रपंत.”

“पंत आत बसलेत. उगाच थापा मारू नका.”

पंतांनी वाकून पाहिलं. जाळीत कात ताठ उभी होती.

“पंत, संमती?” महाराजांनी विचारलं. वाऱ्याची झुळूक आली. कात डोलली.

“पूर्वी यांना फार शंका असायच्या,” महाराज म्हणाले. “आता सुधारले.”

पंत पाहतच राहिले. वस्त्र खरंच शोभत होतं. त्यांच्या अंगावर ते इतकं नीट कधी बसलंच नव्हतं.

तात्पर्य : वस्त्र कालातीत असू शकतं, बाळांनो. आत कुणी श्वास घेत नसलं म्हणजे झालं.