उडत्या भाकरी

झरीच्या पंचक्रोशीत कार्टून बनवणारा गणिताचा मास्तर एकच आहे, आणि तो म्हणजे मी, योगीराज! ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगायचो. तीन दिवसांच्या प्रशिक्षणात मोबाईलवर कार्टून करायचं अ‍ॅप शिकलो आणि चौथ्या दिवसापासून प्रत्येक माणूस कार्टूनमध्ये कसा दिसेल, एवढंच बघायला लागलो. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं, "मास्तर, माझ्या नाकाकडं काय बघताय?" सांगता येईना!

मग ठरवलं, आता घरचंच कार्टून काढायचं. आम्ही सात भावंडं. माझ्यासकट चार भाऊ, तीन बहिणी, आणि त्यांत मी शेंडेफळ. एवढ्या भावंडांत लहानपण काढणं म्हणजे रोज जत्रा! साबणाची वडी एक आणि अंघोळीला सात. सायकल एक आणि तिच्यावर एकाच वेळी पाच! माय-बाबा आता राहिले नाहीत, पण हुरड्याला आम्ही सगळे दरवर्षी आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या शेडवर, जमतो. तिथंच पंधरा मिनिटांचं कार्टून दाखवायचं. नाव कुणालाच द्यायचं नाही, ज्यानं त्यानं स्वतःला ओळखायचं!

"बघ, एकेक जण ढसाढसा रडंल," मी बायकोला, निकिताला म्हणालो.

"रडू द्या. पण सगळे घेतलेत का त्याच्यात?"

"मी गणिताचा मास्तर हाय!" मी ताठ मानेनं सांगितलं.

गोष्टींचा माल पुरवला राजेश्रीआक्कानं. आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, पिंगळीला दिलेली. आठ दिवस रोज दुपारी तिला फोन केला. बन्सीधरदादा बोरीच्या झाडावर कसा अडकला, रंगनाथनं कुणाची भाकरी कशी पळवली, मला म्हशीनं कसं चाटलं, तिला सगळं तोंडपाठ! "आक्का, हे कार्टून मंजी तुजंच हाय बघ," मी म्हणालो. तिनं लगेच निम्म्या पिंगळीला सांगून टाकलं.

राहिले चेहरे. बैठकीत आमचा एकच जुना फोटो आहे. परभणीहून फटफटीवर आलेल्या फोटोवाल्यानं अंगणात रांगेनं उभं करून काढलेला. तो अ‍ॅपला दिला आणि मिनिटभरात मोठमोठ्या डोळ्यांची पोरं तयार! मी डोकी मोजली. सात. परत मोजली. सातच. गणित सुटलं, वही बंद!

एकच अडचण आली. अ‍ॅपमध्ये पिझ्झा होता, बर्गर होता, पण भाकरी नव्हती. मग एक ढग घेतला, चपटा केला आणि त्याला भाकरीचा रंग दिला.

हुरड्याच्या दिवशी सकाळीच सगळे आखाड्यावर हजर. आक्का पिंगळीहून रेल्वेनं परभणीला आणि तिथून एसटीनं झरीला आली, सोबत सहा वर्षांची नात, भक्ती. आगटीच्या धुरात बसायचं तर सगळ्यांनी जुनेपाने कपडे घातलेले, आणि आक्काच्या अंगावर कोरी करकरीत साडी!

"शेतात नवी साडी काहून गं?" दादानं विचारलं.

"आज पिच्चर हाय ना माजा!" आक्का चक्क लाजली.

हुरडा खाऊन आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये शिरलो. ताडपत्र्या लावून अंधार केला. प्रोजेक्टरची वायर ओढून दिली सिद्धोधननं. हा आमचा शेजारी. गावात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो आणि लहानपणापासून आमच्याच घरात पडलेला असायचा.

कार्टून सुरू झालं. कानांवर आलेली टोपी घातलेला दादा आला, हशा! नाकाचा नळ सोडलेला रंगनाथ आला, आणखी हशा! तेवढ्यात सिद्धोधन ताडकन उभा राहिला.

"आरं, पट्ट्यापट्ट्याच्या शर्टातला त्यो मी हाय की! योग्या, तू मला घरातला धरलास!" त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

"येड्या, तू घरातलाच हायेस!" मी मोठ्या मनानं म्हणालो. आणि म्हणता म्हणता माझी बोटं आपोआप मोजायला लागली. सिद्धोधन जर त्या सातांत, तर आम्ही झालो आठ! मग आठवं कोण?

"आजी, तू कवा येनार गं?" भक्तीनं विचारलं.

"दम धर. हिरवीन उशिरा येत असती," आक्का म्हणाली.

मला जानेवारीत घाम फुटला! पडद्यावरची डोकी पुन्हा मोजली. पोरं पाच, पोरी दोन. आक्का नव्हतीच! जिनं आठ दिवस फोनवर अख्खं कार्टून सांगितलं, तीच नेमकी गायब! मी पायानं हळूच प्रोजेक्टरची पिन उपसली.

"लाईट गेली!" मी ओरडलो. "चला, आता च्या घेऊ!"

बाहेर बोअरची मोटर धडधड चालू होती.

"लाईट गेली तर मोटर कशी चालायलीय?" सिद्धोधन म्हणाला. "सकाळीच दुरुस्त केलीय म्या!" त्यानं अंधारात चाचपून पिन परत खुपसली. इतका कामसू माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"आजी कुठाय?" भक्तीचा आवाज आता रडका झाला.

"आक्का दुसऱ्या भागात हाय!" मी ठोकून दिलं. "तिच्यावर अख्खा भाग काढायलोय!"

"मंजी आमी समदे मिळून एका भागात, अन् तिला एकलीला अख्खा?" रंगनाथ उसळला. "मी काय रस्त्यावर पडलोय?"

"थोरला मी हाय," दादा गुरगुरला. "भाग काढायचा तर पैला माजा काढ!"

"मला कशाला भाग पायजे रे?" आक्का मध्येच म्हणाली, पण तिला विचारतो कोण! इकडं भक्तीनं भोकाड पसरलं. काहीतरी करणं भाग होतं. मी पडद्याकडं बोट केलं. "ही काय तुजी आजी! पट्ट्यापट्ट्याच्या शर्टातली!"

सगळ्यांनी माना पुढं काढून तो शर्ट बघितला.

"चड्डीवर?" रंगनाथनं विचारलं.

सिद्धोधन हळूहळू खाली बसला. "मंग मी कुठं हाय?"

"ती मागची म्हैस कोन हाय मंग?" रंगनाथ म्हणाला. त्यावर सिद्धोधन चिडला, दादा रंगनाथवर ओरडला, आणि तिकडं आक्का मान खाली घालून नव्या साडीवरचा हुरड्याचा कोंडा वेचत बसली. एकेक कण. तिच्याकडं बघून मला पत्रा उचकटून पळून जावंसं वाटलं.

आणि नेमका तेव्हाच जेवणाचा सीन आला. सात पोरं ताटं घेऊन ओळीनं बसलेली, आणि पडद्याच्या उजवीकडून भाकरी उडत उडत यायची. थप्प! दादाच्या ताटात. थप्प! रंगनाथच्या. एक माझ्या डोक्यावर! हा मी नुसता गंमत म्हणून केलेला प्रकार. भांडणारे सगळे भांडण विसरून खो-खो हसायला लागले.

आक्का हसली नाही. पडद्याकडं बघत राहिली. मग तिनं भक्तीला मांडीवर ओढलं. "त्या भाकरी कोन टाकायलंय, सांग बरं?"

"कोन?"

"मीच की! माय शेतात जायची. मग ह्या सातजनाला गरम भाकरी कोन देनार? मी आत चुलीपाशी हाय, मनून दिसंना झालेय तुला."

भक्तीनं टाळी वाजवली. पुढची भाकरी उडाली तशी ती ओरडली, "आजी आली!" थप्प! "परत आजी आली!"

दादा उठून उभा राहिला. "वा रे मास्तर! तोंड न दाखवता आक्का दाखवलीस! लय खोल इचार केलास!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रंगनाथनं डोळे पुसले. मी तिथंच सांगायला हवं होतं, की बाबांनो, माझा विचार तळहाताएवढाही खोल नव्हता, मी माझ्या सख्ख्या बहिणीला विसरलो. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "हां… तेच दाखवायचं व्हतं मला!"

लिहितानाही लाज वाटते! दादानं आपल्या खांद्यावरचा टॉवेल माझ्या गळ्यात घातला. कुणीतरी हातात नारळही दिला, आणि मी तो घेऊन उभा. सगळ्यांकडं बघितलं, आक्काकडं तेवढं बघवेना.

"मंग पट्ट्याचा शर्ट माजाच ना?" सिद्धोधननं हळूच विचारलं.

"तुजाच रे बाबा, तुजाच!"

संध्याकाळी आक्काची पिशवी घेऊन मी एसटीच्या थांब्यावर गेलो. भक्ती पुढं उड्या मारत होती.

"आक्का, माजं चुकलं. मी तुला…"

"ठाव हाय मला," आक्का म्हणाली. "त्या फोटोत मी न्हाईच. फोटोवाल्याला च्या टाकायला आत गेल्ते. भाईर येईस्तोवर त्यानं सिद्ध्याला उभा करून फोटो काढला बी."

पस्तीस वर्षं तो फोटो भिंतीवर आहे! दर दिवाळीला आम्ही पुसतो.

"मंग कवा बोलली काहून न्हाईस?"

"बोलून काय, मी फोटोत येनार व्हते?"

जिंतूरहून परभणीची एसटी आली. आक्का खिडकीशी बसली. गाडी सुटता सुटता तिनं हाक मारली, "योग्या!" मी धावलो. आता ती दोन शब्द मायेचे बोलणार, आणि मी तिथंच रडणार!

"भाकरीला कंगोरे काहून काढलेस रे? माजी भाकरी कवा अशी वाकडी व्हती?"

अख्खी एसटी माझ्याकडं बघायला लागली.

घरी येऊन मी पहिल्यांदा भाकरी गोल केल्या. मग चुलीपुढं तेरा वर्षांची आक्का काढायला बसलो. लुगड्याच्या चिंधीनं बांधलेल्या वेण्या जमल्या, पिठाचे हात जमले. चेहऱ्यापाशी मात्र गाडी अडली. घरातल्या सगळ्या ट्रंका उपसल्या. तिचा लहानपणचा एकही फोटो नाही! शेवटी तिलाच फोन लावला.

"आक्का, लहानपनी तू कशी दिसायचीस गं?"

आक्का म्हणाली, "चार वर्सं माज्या कडंवर बसून हिंडलास की रे. अन् मलाच इचारायलास?"

फोन ठेवला. गणिताचा मास्तर! डोकी तेवढी मोजता येतात मला!