टाचणी, बंडल आणि एक शेरा

माणूस मला दोन मिनिटांत कळतो. ही बढाई नाही, एकतीस वर्षांचा सराव आहे! गोदाम तपासनीस म्हणून मी जिथे जिथे गेलो, तिथल्या मालाची नोंद कंपनीच्या वहीत केली आणि माणसांची माझ्या खासगी वहीत. डावीकडे माणूस, उजवीकडे शेरा. "हसतो फार, किल्ली देत नाही." "गोणी मोजताना खोकतो. खोकला जितका मोठा, तितकी तूट मोठी." अशा एकतीस वह्या आहेत. दुसऱ्या वहीत सासऱ्यांवरही एक शेरा आहे, पण ती वही बायकोच्या हाती लागणार नाही अशी व्यवस्था मी केली आहे.

निवृत्त होऊन मला तीन महिने झाले आणि एका सकाळी बायकोने जाहीर केलं, "आपण कुत्रा आणतोय."

"कुत्रा? असा मध्येच?"

"मध्येच नाही. तुम्ही काल स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर दिलेत ना, तेव्हाच ठरलं."

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे मला काही कळलं नाही. पण बायको प्राथमिक शाळेत शिकवते. पन्नास पोरं एका शब्दात खाली बसवते. तिला उलटा प्रश्न विचारायची माझ्या घराण्यात पद्धत नाही.

तिने कुत्राही पाहून ठेवला होता. टेरियर जातीच्या टाकून दिलेल्या कुत्र्यांना घरं मिळवून देणारी एक संस्था होती. तिथल्या 'टाचणी' नावाच्या कुत्रीवर बायकोचा जीव जडला होता. आधीचे मालक घर बदलून गेले आणि हिला दाराशी बांधून गेले, तेव्हापासून ती कुठेही बसली तरी तोंड दाराकडे करूनच बसायची म्हणे. बायको महिनाभर दर रविवारी तिला भेटून येत होती. माझ्या शर्टावर एक केस दिसला तरी चिमटीत धरून मला दाखवणारी ही बाई, ओढणीभर पांढरे केस घेऊन घरी यायची आणि झटकायचीसुद्धा नाही!

पहिला अर्ज मात्र माझ्यामुळे बाद झाला. संस्थेतून फोन आला होता, काही शंका आहेत का म्हणून. मी साधे दोनच प्रश्न विचारले. वॉरंटी किती दिवसांची? आणि माल पसंत पडला नाही तर परत घ्यायची मुदत काय? पलीकडे फोन इतक्या हळुवारपणे खाली ठेवला गेला की मला वाटलं, काम झालं!

आता संस्थेचा नियम असा की दोनदा अर्ज बाद झाला की नाव कायमचं खोडायचं. बायकोने दुसरा अर्ज स्वतः भरला आणि मला दाखवलाही नाही.

"रविवारी अकराला त्यांच्या बाई घर बघायला येणार आहेत," ती म्हणाली. "तुम्ही घर तयार करा. आणि त्या आल्या की तोंड बंद ठेवा. टाचणी गेली ना, तर मी तुमच्याशी बोलणार नाही."

"किती दिवस?"

"वॉरंटी नाही!"

तपासणी! आणि तीसुद्धा माझ्या घराची! मी आठवडाभर एका जागी बसलो नाही. (तसा मी एरवीही बसत नाही.) माहिती काढली. टेरियर दिसायला उशीएवढा, पण उकरायला लागला की विहीर खोदणारे लाजतील. फट दिसली की घुसतो, हललं की धरतो, धरलं की फाडतो. मी टेप घेतली आणि जमिनीपासून दीड फुटाच्या खाली घरात काहीही ठेवायचं नाही, असा आदेश काढला. चपला वर, वायरी वर, पडदे गुडघ्याच्या वर! मागच्या अंगणाच्या भिंतीलगत जाळी जमिनीत खोल पुरली. भिंतीवर आतल्या बाजूला झुकणारी दुसरी जाळी बसवली, चढून जायला नको म्हणून. गल्लीकडच्या फाटकाला कुलूप ठोकलं, किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला, नंबर चार. आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला स्प्रिंग लावून गोदामाची खास खिटी बसवली. दार सोडलं की आपोआप लागतं. चिखलाच्या पायांनी परवानगीशिवाय कोणी घरात येऊ नये, म्हणून ही खिटी फक्त आतून उघडते.

शेजारचे दंतवैद्य त्यांच्या गच्चीतून रोज हे बघत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"काय हो, कुत्रा आणताय की कैदी?"

"एक फट दाखवा, डॉक्टर! पेन घुसेल एवढी!"

"तुम्ही आमच्या धंद्यात यायला हवं होतं," ते म्हणाले. त्यांच्या नावापुढे मी शेरा मारला: "मत्सरी."

रविवारी सव्वादहाला बायको टाचणीसाठी पाण्याचं भांडं आणायला गेली. जाताना म्हणाली, "अर्ध्या तासात आले. कशाला हात लावू नका." दहा वीसला बेल वाजली.

दारात ठेंगणी, करड्या केसांची बाई. पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात दोरीला बांधलेलं पेन, काखेत फाइल. आणि हातात दोन दोऱ्या!

"लवकर आले का?"

"चाळीस मिनिटं," मी म्हणालो. मनात मात्र म्हटलं, वा! मीसुद्धा असाच जायचो. सांगितल्या वेळेला जाऊन कधी चोर सापडतो का? त्यांना पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो आणि टेबलावर उघडी असलेली, निवृत्तीनंतर सुरू केलेली बत्तिसावी वही घेऊन नोंद केली: "तपासनीसबाई. वेळेआधी येते. मुरलेली. आवाज गोदामाच्या शटरसारखा. खुशामत केली तर वितळेल."

एका दोरीच्या टोकाला टाचणी होती. पांढरी, कोपरभर लांब, एक कान उभा, एक आडवा. दुसऱ्या टोकाला केसांचा तपकिरी ढीग होता. त्याचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठली, हे तो चालायला लागल्यावरच कळलं.

"हा बंडल," बाई म्हणाल्या.

"पण आमचा अर्ज एकाच..."

"माहीत आहे. टाचणी याच्याशिवाय जेवत नाही. पण ते नंतर बघू. आधी अंगण."

दोघांना सोफ्याच्या पायाला बांधून आम्ही मागे गेलो. बाईंनी भिंत ठोकली, जाळी ओढली, फाटक हलवून पाहिलं. मी तोंड बंद ठेवलं होतं. अगदी शपथेवर सांगतो, चार मिनिटं ठेवलं होतं! पण बाईंनी मान डोलावली आणि मला राहवलं नाही.

"हे तर काहीच नाही. हे दार बघा! सोडलं की आपोआप..."

आणि मी दार सोडलं.

खट्ट!

"छान," बाई म्हणाल्या. "आता उघडून दाखवा."

मी खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग काहीच न सुचून शर्टाच्या खिशात. फाटकाची किल्ली आत, खिळा नंबर चार. माझा फोन आत, चार्जरवर. बाईंचा फोन आत, पर्समध्ये. कुत्रे आत. आणि आम्ही बाहेर.

दाराच्या काचेतून आतलं सगळं दिसत होतं. आधी सोफा सरकत दिवाणखान्याच्या दारापर्यंत आला. तिथे अडकला, तशी एक दोरी सुटली, मग दुसरी. आणि मग घरातून दोन गोळ्या सुटल्या! एक पांढरी, एक तपकिरी. टेबलाखालून, खुर्चीवरून, पुन्हा टेबलाखालून!

"काही हरकत नाही!" मी म्हणालो. "दीड फुटाच्या खाली एकही वस्तू नाही!"

मग मला आठवलं. एक आहे. दिवाणखान्यातल्या कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा. बायको कधी वाकून बघत नाही म्हणून निवडलेला.

"अहो, तुम्ही पांढरे का पडलात?" बाईंनी विचारलं.

काचेपलीकडे बंडल आला. तोंडात वही नंबर एकोणीस! मागून टाचणी, तिच्या तोंडात नंबर सात. तोंडात धरलेल्या उंदराला झटकावं तशी दोघांनी वह्या झटकायला सुरुवात केली. एकतीस वर्षांची माणसं घरभर उडत होती! मी दारावर थापा मारल्या. त्यांना वाटलं मी प्रोत्साहन देतोय. टाचणीने टेबलावर उडी मारून बत्तिसावीसुद्धा खाली ओढली.

मी भिंतीकडे धाव घेतली. उलटी बादली, त्यावर पाय, हात वर, एक ढांग... आणि आतल्या बाजूला झुकलेल्या जाळीने माझी पँट मागून पकडली. पुढे जाता येईना, मागे येता येईना.

"डॉक्टर!" मी ओरडलो.

दंतवैद्य गच्चीत आले. त्यांनी शांतपणे चहाचा घोट घेतला. "हलू नका," ते म्हणाले. "बधिर होईपर्यंत सगळे असेच ओरडतात."

"शिडी द्या!"

"शिडी तुम्हीच नेलीत, जाळी बसवायला. तुमच्याच घरात आहे."

खाली बाईंनी पेन उघडलं होतं. "निसटायचा प्रयत्न, एक," त्या लिहिता लिहिता पुटपुटल्या. "यशस्वी, शून्य."

तेवढ्यात दाराशी खरवड ऐकू आली. दाराखाली अर्धा इंच फट होती. अख्ख्या घरात ती एकच राहिली होती. टाचणी पलीकडून पंजाने कागद उकरत होती आणि एक पान त्या फटीतून हळूहळू बाहेर येत होतं. बाईंनी वाकून ते उचललं. ताज्या शाईचं होतं!

"वेळेआधी येते," त्यांनी मोठ्याने वाचलं. "मुरलेली. आवाज... गोदामाच्या शटरसारखा?"

मी जाळीवरून लोंबकळत म्हणालो, "बाई, तुमच्या पेनाला दोरी फार शोभून दिसते."

"वितळले नाही मी," बाई म्हणाल्या.

याच क्षणी पुढचं दार उघडल्याचा आवाज आला. बायको! आतली धावपळ एकदम थांबली. मग खिटी उचलली गेली आणि दार उघडलं. दारात बायको, तिच्या हातात पाण्याचं भांडं, तिच्या पायाशी टाचणी. तिने आधी कागदांच्या ढिगाकडे बघितलं, मग बाईंकडे, मग वर माझ्याकडे.

"मी काय सांगितलं होतं?"

"हात कशालाच लावला नाही गं," मी म्हणालो. खरं म्हणजे माझे दोन्ही हात जाळी धरण्यातच अडकले होते.

ती हसली नाही, ओरडली नाही. तिथेच पायरीवर बसली. टाचणी तिच्या मांडीवर चढली आणि गोल फिरून बसली. बायको बाईंना हळूच म्हणाली, "आता तिला परत नेणार ना?"

तपासणीत तूट पकडली की समोरचा माणूस कसा दिसतो, हे मी एकतीस वर्षं पाहिलं होतं. पण तूट माझी आणि चेहरा बायकोचा, असं कधी झालं नव्हतं. मी जोर लावला. पँटचा एक मोठा भाग जाळीला अर्पण करून खाली पडलो आणि बादलीवर बसल्या बसल्या म्हणालो, "बाई, हिचं काही चुकलेलं नाही. वॉरंटीही मीच विचारली होती. शेरा द्यायचा तर माझ्या नावावर द्या. मी बाहेर राहीन. अंगणातसुद्धा राहीन. कुत्री हिला द्या."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग अर्जाचं पान उलटून माझ्यासमोर धरलं. "वाचा. लोकांबद्दल वाचायला तुम्हाला आवडतं."

प्रश्न सातवा: 'कुत्रा कशासाठी हवा आहे?' खाली फळ्यावर लिहावं तशा बायकोच्या टपोऱ्या अक्षरात उत्तर होतं: 'नवरा निवृत्त झाला आहे. दिवसभर घरात येरझारा घालतो, डब्यांना नंबर देतो. त्याला रोज दोनदा बाहेर नेऊन आणणारं कोणीतरी हवं आहे.'

"हे... हे माझ्याबद्दल आहे?"

"तुम्हाला दोन मिनिटांत माणूस कळतो ना?" बायको म्हणाली. तिच्या मांडीवर टाचणी डोळे मिटून पडली होती. मी नीट पाहिलं. पहिल्यांदाच तिची पाठ दाराकडे होती.

बाईंनीही ते पाहिलं. त्यांनी फाइल गुडघ्यावर ठेवली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहायला सुरुवात केली. मला कागद उलटा वाचता येतो, तोही एकतीस वर्षांचा सराव. त्यांनी लिहिलं: 'जागा सुरक्षित. इथून कोणीही निसटू शकत नाही, स्वतः खात्री केली. जोडी द्यावी. नवऱ्याला एक कुत्रा पुरणार नाही. महिन्याने पुन्हा भेट देऊन त्याची प्रगती पाहावी.'

त्याची! म्हणजे माझी!

आज तो महिना पुरा झाला. बाईंनी अकराची वेळ दिली आहे. म्हणजे दहा वीस, हे मला पक्कं ठाऊक. म्हणून मी साडेनऊपासून दिवाणखान्यात फेऱ्या मारत होतो, माझ्या मागे टाचणी, तिच्या मागे बंडल. बेल वाजली आणि आम्ही तिघांनीही एकदमच दाराकडे झेप घेतली.

"बस!" बायको स्वयंपाकघरातून कडाडली.

लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण तिने मला कधी एकेरी हाक मारलेली नाही. ती कुत्र्यांनाच म्हणत होती, हे मला व्यवस्थित कळत होतं.

बाई आत आल्या तेव्हा आम्ही तिघंही ओळीने बसलो होतो. बंडल तेवढा जरा उशिरा बसला.