सासऱ्यांच्या कानातली घोड्याची कवटी

माझा कान तयार आहे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मी अठरा वर्षं काढलीत. मशीनरूमचं कुलूप उघडायच्या आधी मी जिन्यातूनच सांगतो, बेअरिंग गेलंय की ब्रेकची पट्टी घासतेय. बाकीचे मेकॅनिक हत्यारं बाहेर काढेपर्यंत मी चहा सांगून मोकळा झालेला असतो. तर अशा तयार कानाच्या माणसाचं गेल्या महिन्यात काय झालं ते तुम्हाला म्हणून सांगतोय. आमच्या ऑफिसात बोलू नका.

हा कान तयार झाला संगीतावर. संगीत म्हणजे तुमच्या मनात आलं ते नव्हे. अल्टरनेटिव्ह रॉक, ग्रंज आणि मेटल. ज्यांना फरक माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अल्टरनेटिव्हमध्ये गायक नाराज असतो. ग्रंजमध्ये तो नाराज असतोच, शिवाय आठवडाभर आंघोळ केलेली नसते. मेटलमध्ये नाराजी संपून हाणामारी सुरू झालेली असते. बायकोच्या मते तिन्हींत भांड्यांचं कपाट कोसळतं, ग्रंजमध्ये जरा हळू कोसळतं एवढंच. आमचा संसार चौदा वर्षं टिकलाय तो हेडफोनच्या जिवावर.

आम्हा पाच वेड्यांचा फोनवर ग्रुप आहे. आठ महिने घोळ घालून शेवटी ठरलं की प्रत्येकाने आपले लाडके दहा अल्बम क्रमाने लावून द्यायचे, रविवारी संध्याकाळी सहाच्या आत. अट अशी की प्रत्येक अल्बम नव्याने, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा. गाणं पुढे ढकलायचं नाही. फोन उपडा ठेवायचा, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. ही अट मीच घातली होती. माणसाला स्वतःच्याच हाताने खड्डा खणायची हौस असते, ती अशी.

रविवारी दुपारपर्यंत माझे नऊ झाले होते. ओल्या मोज्यांचा फोटो असलेला दुसऱ्या नंबरवर बसला. पहिली जागा मी घोड्याच्या कवटीसाठी राखून ठेवली होती. काळं कव्हर, त्यावर घोड्याची कवटी आणि डोळ्याच्या खोबणीतून उगवलेलं गवत. बावीस वर्षं मी हा अल्बम ऐकतोय. त्याची सुरुवात शांततेने होते. दीड मिनिट काही म्हणजे काही वाजत नाही, आणि मग जे सुरू होतं त्याला मी कला म्हणतो आणि बायको दुसरं काहीतरी म्हणते. त्याच आठवड्यात या अल्बमची नवी आवृत्ती आली होती. सुरुवातीची शांतता आता बँडच्या मनात होती तेवढीच ठेवलीय, असं खाली लिहिलं होतं. तेवढी म्हणजे किती, ते लिहिलं नव्हतं. मला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. दात घासताना पाय ताल धरत होता.

आणि नेमके त्याच वेळी सासरे कानाच्या मशीनसाठी आमच्याकडे राहायला आले होते.

सासरे कोर्टात स्टेनो होते. छत्तीस वर्षं त्यांनी साक्षीपुरावे टिपून घेतले. कानावर पडलं की कागदावर उतरलंच पाहिजे, अशी हाताला खोड. मग कान गेले आणि वही कोरी पडली. चार वर्षांपूर्वी पहिली मशीनं आणली होती. आठ दिवस घातली, एकदा त्यातून शिटी वाजली, ती ड्रॉवरमध्ये गेली ती गेलीच. यंदा बायकोने हट्टाने दुसरी करून घेतली आणि मला बजावलं, "ही टिकली पाहिजेत. एक जरी विचित्र आवाज आला ना, बाबा काढून ठेवतील. मग मेले तरी घालायचे नाहीत."

शनिवारी मीच त्यांना घेऊन गेलो. त्यांचा फोन जुना बटणांचा, म्हणून तपासणाऱ्या बाईंनी मशीनं ब्लूटूथने माझ्या फोनला जोडून दिली, आवाज कमीजास्त करायला. पुढे त्या बरंच काही समजावत होत्या. माझं लक्ष त्यांच्या इमारतीच्या लिफ्टकडे होतं. ती किरकिरत होती आणि मी मनातल्या मनात तिची दुरुस्ती करत होतो. बाई थांबल्या तशी मी मान हलवली.

रविवारी सकाळी सासूबाई बसल्या जागेवरून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्या शर्टाचं वरचं बटण सैल झालंय."

"संध्याकाळी लावून दे," सासरे म्हणाले.

एवढंच झालं. सासूबाई उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. नंतर बायकोने मला सांगितलं की चार वर्षं आई फक्त मोठ्या गोष्टी बोलत होती. डॉक्टर आलेत, गॅस बंद करा, असल्या. बटणाबद्दल कोण ओरडून सांगणार? मी म्हटलं, "टिकतील गं मशीनं. मी आहे ना."

चार वाजता सासरे बाहेरच्या खोलीत वही घेऊन बसले. लघुलिपीच्या वळवळत्या रेघांत ते आता सगळंच टिपत होते. टाकीत पाणी पडतंय, सौभाग्यवती कपाट उघडताहेत, शेजारी कोणी शिंकलं. मी गॅलरीत खुर्ची टाकली, काचेचं दार ओढून घेतलं. बाहेरचा आवाज पार बंद करणारे हेडफोन चढवले, अल्बम लावला, फोन मांडीवर उपडा ठेवला आणि डोळे मिटले.

शांतता.

काय शांतता होती महाराजा! दीड मिनिट गेलं. शांतता. तीन मिनिटं झाली असतील. धाडस म्हणतात ते हे, मी मनात म्हटलं. मग फार बारीक काहीतरी धडधडतंय असं वाटलं. ढोल आत येतोय तर. मी न बघता फोनच्या कडेचं बटण चाचपून आवाज वाढवला. धडधड तेवढीच राहिली. आणखी वाढवला. शेवटी बटण दाबून धरलं. आता कळतंय की ते माझंच काळीज होतं. पण तेव्हा मी मान डोलावत होतो. एक अट तेवढी मोडली, मध्ये फोन उचलून ग्रुपवर लिहिलं, 'कवटी ऐकतोय. नव्या आवृत्तीतली शांतता अंगावर येते.' लगेच दोघांनी उत्तर दिलं की त्यांनाही अगदी असंच वाटलं.

तेवढ्यात खांद्याला गदगदा हलवलं कोणीतरी. डोळे उघडले तर बायको.

"बाबा वर गेलेत. ग्रंथपालांशी भांडायला."

"कशाबद्दल?"

"म्हणे ते बायकोला मारताहेत."

आमच्या वर राहणारे ग्रंथपाल म्हणजे एकतीस वर्षं 'शांतता राखा' या पाटीखाली बसलेला माणूस. त्यांना शिंक आली तर आधी ते माफी मागतात. मी हेडफोन गळ्यात टाकले, फोन खिशात कोंबला आणि जिना चढलो. फोन खिशात कोंबला, हे लक्षात ठेवा.

सासरे दारात उभे होते, हातात वही. ग्रंथपालांनी दार उघडलं होतं. मी पोचलो तेव्हा ते कुजबुजल्यासारखे म्हणाले, "या ना, बसा."

सासरे दोन पावलं मागे सरकले. "ओरडू नका माझ्यावर!"

ग्रंथपाल गोंधळून माझ्याकडे बघू लागले. "मी काय केलं?" हे त्यांनी इतक्या हळू विचारलं की मी ते ओठांवरून वाचलं.

"बघा, बघा," सासरे माझ्याकडे वळले. "तोंड उघडलं की अंगावर येतो हा माणूस. मघाशी जरा थांबला होता. तुम्ही आलात आणि पुन्हा सुरू झाला."

आतून ग्रंथपालांची बायको पाण्याचे पेले घेऊन आली. तिच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता, ती आत मटार सोलत बसली होती. सासऱ्यांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "घाबरू नका बाई. माझ्याकडे नोंद आहे. मी सोसायटीच्या सभेत वाचून दाखवीन." आणि ते आत येऊन खुर्चीवर टेकले, वही उघडली, कोर्टातल्या आवाजात वाचू लागले.

"चार वाजून बारा मिनिटं. शांतता. चार तेरा. शांतता. चार चौदा. वरच्या मजल्यावर एक इसम ओरडू लागला. कारण कळत नाही. चार सोळा. ओरडणं वाढलं. चार सतरा. आणखी वाढलं. चार अठरा. कान फुटायची वेळ. चार एकोणीस. इसम गप्प. कोणीतरी पत्रा फरफटत नेतंय. तीन ओढी आणि एक ठेच. तीन ओढी आणि एक ठेच."

तीन ओढी आणि एक ठेच, हे जगात एकाच ठिकाणी आहे. घोड्याची कवटी, दुसरं गाणं, गिटारचा मधला तुकडा. बावीस वर्षांत मी तो ऑफिसच्या टेबलावर बोटांनी इतक्यांदा वाजवलाय की साहेबांनी एकदा टेबलच बदलून दिलं.

मी खिशातून फोन काढला. आवाज टोकाला. खाली लिहिलं होतं की गाणी हेडफोनवर नाही, सासऱ्यांच्या मशीनवर वाजताहेत. मी बंदचं बटण दाबलं.

"थांबलं," सासरे म्हणाले. मग त्यांनी ग्रंथपालांकडे पाहिलं. ग्रंथपाल तर केव्हापासून गप्पच होते. सासरे स्टेनो होते, मूर्ख नव्हते. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे ओरडत कोणी नव्हतंच," ते हळूच म्हणाले. "मशीनच भलतंसलतं ऐकवतंय. नाहीतर माझंच डोकं." आणि त्यांचा हात कानाकडे गेला.

एव्हाना बायको आणि सासूबाईही वर येऊन दारात उभ्या होत्या. सासूबाईंचं सगळं लक्ष त्या हाताकडे होतं. बायको माझ्याकडे बघत होती. तिला अजून काही माहीत नव्हतं, पण चौदा वर्षांच्या अनुभवावरून तिने गुन्हेगार ओळखला होता. गप्प राहावं तर मशीनं ड्रॉवरमध्ये जाणार आणि सैल बटणं सैलच राहणार. बोलावं तर सासऱ्यांसमोर माझी शोभा होणार. मला खोटं सांगायचं नाही, मी चारपाच सेकंद विचार केला.

"बाबा, काढू नका. मशीन चांगलंय, डोकंही चांगलंय. तो माझा अल्बम होता."

सगळं सांगितलं. ग्रुप, दहा नंबर, कवटी, उपडा फोन. बायकोने कपाळाला हात लावला. ग्रंथपालांनी, ज्यांनी माफी मागायचं काहीच कारण नव्हतं, "माफ करा" म्हटलं. सासरे मात्र वहीकडे बघत बसले. हात कानापासून अजून खाली आला नव्हता.

"म्हणजे हा इसम गायक आहे?"

"हो."

"मग त्याला झालंय काय?"

"तो नाराज आहे."

"कशावर?"

"ते बावीस वर्षांत मलाही नीट कळलेलं नाही."

"पुढे कळतं?"

"सातव्या गाण्यात थोडं थोडं."

सासऱ्यांनी कानाकडचा हात खाली घेतला आणि खिशातून पेन काढलं. "लावा. साक्ष अर्धवट सोडता येत नाही. आवाज जरा कमी ठेवा."

पुढची चाळीस मिनिटं आम्ही पाच जण ग्रंथपालांच्या खोलीत निमूट बसून होतो आणि एकटे सासरे मेटल ऐकत होते. बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं, पेनची खरखर तेवढी. ग्रंथपालांचा चेहरा उजळला होता, त्यांना अगदी कामावर असल्यासारखं वाटत असावं. मी अस्वस्थ. पाय हलवतोय, घड्याळ बघतोय, पाचवं गाणं त्यांना आवडेल की नाही या काळजीने घाम पुसतोय. सासूबाईंनी जाऊन सुईदोरा आणला आणि ते लिहीत असतानाच त्यांच्या शर्टाचं बटण लावून टाकलं.

अल्बम संपला. सासऱ्यांनी वही मिटली.

"नाराज नाही तो. घाबरलाय," ते म्हणाले. "छत्तीस वर्षं पाहिलीत असली माणसं. पिंजऱ्यात जो सगळ्यांत जास्त ओरडतो तो घाबरलेला असतो. शेवटच्या गाण्यात त्याचा आवाज खाली येतो बघा, तिथे तो खरं बोलतो."

बावीस वर्षं ऐकून मला जे उमगलं नव्हतं ते या माणसाने दुसऱ्या दिवसाच्या कानांनी ऐकलं होतं. खरं सांगतो, मला वाईट वाटलं आणि त्यांचा फार अभिमानही वाटला. सहाला पाच कमी असताना मी यादी पाठवली. कवटी पहिली. शांततेबद्दलचा मजकूर पुसायचा राहून गेला.

मशीनं टिकली. अजून कानातच आहेत. पण घरी येऊन सासऱ्यांनी वहीतली एक नोंद बायकोला वाचून दाखवली. 'चार वीस. जावई गॅलरीत डोळे मिटून मान डोलावत आहेत. त्यांच्या कानात काही वाजत नव्हतं, हे मागाहून सिद्ध झालं.' बायकोने दुसऱ्याच दिवशी त्याच बाईंची वेळ घेतली. माझ्यासाठी.

सासरे सोबत आले, वही घेऊन. लिफ्टमध्ये मी सवयीने म्हटलं, "ऐकलंत? किरकिरतेय."

"दोन आवाज आहेत," सासरे म्हणाले. "एक उजवीकडे, एक डावीकडे."

मला उजवीकडचाच येत होता. म्हटलं, नवे कान आहेत, जास्तीचं ऐकत असतील.

बाईंनी मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. ऐकू आलं की दाबायचं. उजव्या कानाला मी टकाटक दाबलं. मग त्या म्हणाल्या, "आता डावा." मी सावरून बसलो, डोळे मिटले. शांतता पसरली. छान, खोल शांतता. मी वाट बघत राहिलो. काचेपलीकडे सासऱ्यांचं पेन चाललं होतं.

बऱ्याच वेळाने बाईंनी दार उघडलं. "झाली तपासणी. तुम्ही एकदाही बटण दाबलं नाहीत."

आता त्यांना काय सांगणार? मला वाटलं, नवी आवृत्ती आहे.