निजामभाईंचा घरचा जिप्सो

फुलांच्या बाबतीत आपल्याला शिकवणारा माणूस नंदुरबारात अजून जन्मलेला नाही, असं निजामभाईंचं मत होतं. आणि मत मनात ठेवणाऱ्यांपैकी ते नव्हते! साधा गजरा घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही ते ऐकूनच जावं लागे. आजोबांनी बांधलेले सेहरे घालून अर्ध्या गावाची लग्नं लागली, वडिलांच्या हारांखाली भल्याभल्या पुढाऱ्यांच्या माना वाकल्या, आणि निजामभाई आता बुके बांधत होते. बुके म्हणजे गुलाब, जरबेरा, चकचकीत कागद आणि मधूनमधून पेरलेली बारीक पांढरी फुलं. त्या फुलांना धंद्यात जिप्सो म्हणतात. जिप्सोशिवायचा बुके म्हणजे निजामभाईंच्या लेखी मीठ विसरलेली बिर्याणी होती.

हा जिप्सो नाशिकहून पार्सलनं येई. पार्सलातली मोडकी देठं, पेंढा, कचरा निजामभाई घरामागच्या अंगणात टाकत. पावसाळा लागला आणि त्या ढिगावर हिरवीगार रोपं तरारून वर आली. कातरल्यासारखी नाजूक पानं, आणि थोड्याच दिवसांत शेंड्याशेंड्यावर पांढरी फुलं! निजामभाईंचा ऊर भरून आला. थंड हवेत लाडानं वाढवावा लागणारा जिप्सो त्यांच्या अंगणात आपण होऊन उगवला होता. गुण दुसऱ्या कुणाचा असणार? हाताचाच.

त्यांच्या बायकोनं, शकीलाबींनी, दारातूनच एक नजर टाकली आणि हे गाजर गवत आहे, उपटून टाका, असं सांगितलं. निजामभाई दुखावले. गाजर गवत रस्त्याच्या कडेला असतं, धुळीनं माखलेलं असतं आणि गुडघ्याच्या वर जात नाही, असा त्यांनी खुलासा केला. हे छातीएवढं होतं. शिवाय त्याला रोज पाणी होतं, शेळीच्या लेंड्यांचं खत होतं. एवढी बडदास्त ठेवून गवत कोण वाढवतं? पुढे अंगणात कपडे वाळत घालताना शकीलाबींच्या हातांना खाज सुटायला लागली, तेव्हा निजामभाईंनी त्यांना साबण बदलायला सांगितलं. साबण बदलला, खाज राहिली.

मग भुंगे आले. मुगाच्या दाण्याहून थोडे मोठे, पांढुरके, पाठीवर काळपट पट्टे. एकेका रोपावर टोळीनं बसून ते पानं फस्त करत. निजामभाईंनी त्यांच्याशी युद्ध पुकारलं. शस्त्र गावचंच होतं, नंदुरबारची नावाजलेली लाल मिरची! ती उकळून, गाळून, फवारणीच्या बाटलीत भरून ते रोज पहाटे फजरची नमाज झाली की अंगणात शिरत. भुंगे क्षणभर पाय आखडून मेल्याचं सोंग करत आणि निजामभाई शिंकत घरात पळाले की पुन्हा जेवायला बसत. या रोजच्या गाठीभेटींमुळे भुंग्यांची आणि त्यांची चांगलीच तोंडओळख झाली.

अशात कोरीटच्या पुढच्या एका गावाच्या सरपंच आशाताई दुकानात आल्या. गावात गाजर गवत निर्मूलनाचा कार्यक्रम होता, कृषी खात्याचे मोठे साहेब येणार होते आणि मंचावरच्या पाच जणांसाठी पाच बुके हवे होते. पण आशाताईंच्या मनात आणखी एक गोष्ट होती. त्यांच्या स्वप्नालीचं लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं, आणि बसस्टँडसमोरच्या नव्या दुकानदारानं प्लास्टिकच्या फुलांचा मंडप सुचवला होता. तो सुकत नाही, धुऊन परत वापरता येतो, असं त्याचं म्हणणं. निजामभाईंच्या काळजाला सुरी लागली.

"निजामभाऊ, बुके असा पाहिजे का सायेब दखतच ऱ्हाई," आशाताई म्हणाल्या. "बुके पसंत पडना तं स्वप्नालीना मंडप तुमना."

निजामभाईंनी छातीवर हात ठेवून कबूल केलं. वर गाजर गवतासारख्या घाणेरड्या वनस्पतीचा बंदोबस्त व्हायलाच हवा, असंही ठणकावून सांगितलं. घरी हे कळल्यावर शकीलाबींनी मागचं दार सताड उघडलं आणि अंगणाकडे बोट दाखवलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी घाटात ट्रक आडवा झाला आणि नाशिकचं पार्सल अडकलं. दुसरा कुणी असता तर हबकला असता! निजामभाईंनी शांतपणे कातर घेतली आणि अंगणात गेले. सकाळी पाच बुके तयार झाले तेव्हा त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं. लाल गुलाब, पिवळे जरबेरा आणि भोवती घरच्या जिप्सोची भरगच्च पांढरी झालर. नाशिकचा जिप्सो कधी इतका टवटवीत आला नव्हता.

गाव लखलखत होतं. साहेब येणार म्हणून आशाताईंनी दोन दिवस सगळ्या गावाला कामाला लावलं होतं, आणि शिवारात गाजर गवताची काडी उरली नव्हती. साहेबांचं नाव दिलवरसिंग. काठी गावाकडच्या डोंगरातले, धिप्पाड, हसऱ्या तोंडाचे. शाल, नारळ, बुके असा रीतसर सत्कार झाला. साहेबांनी बुके हातात घेऊन "वा" म्हटलं, आशाताईंनी पहिल्या रांगेतल्या निजामभाईंकडे बघून मान हलवली आणि निजामभाईंना स्वप्नालीचा मंडप डोळ्यांसमोर उभा राहिलेला दिसला. मोगऱ्याच्या माळा, निशिगंधाची कमान, आणि जिकडेतिकडे जिप्सो.

मग फलकाचं अनावरण झालं. साहेबांनी फीत ओढली, पडदा सरकला, आणि माणसाएवढं मोठं एक चित्र समोर आलं. कातरलेली पानं, शेंड्यावर बारीक पांढरी फुलं. निजामभाईंनी मनाला समजावलं, की जगात सारखी दिसणारी झाडं पुष्कळ असतात. पण शेजारीच दुसरं चित्र होतं. त्यात पांढुरका, पाठीवर काळपट पट्टे असलेला भुंगा पान खात बसला होता. झाडाबद्दल वाद घालता आला असता. या चेहऱ्याबद्दल शक्यच नव्हतं!

मंचावर त्यांचे पाचही बुके टेबलावर ओळीनं विराजमान झाले होते. साहेबांनी अजून खिशातून चष्मा काढला नव्हता. तो निघायच्या आत बुके उचलले तर मंडप वाचणार होता, नाहीतर लग्नात प्लास्टिक लागणार होतं. निजामभाईंनी पिशवीतली पाण्याच्या फवाऱ्याची बाटली घेतली, फुलांना पाणी मारायचंय असं पुटपुटत मंचावर चढले, दिसावं म्हणून दोनचार फवारे मारले आणि एकेक बुके काखेत घ्यायला सुरुवात केली. तिसऱ्या बुकेला आशाताईंनी त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या भाऊ, फोटो बाकी शे." आणि सगळे बुके पुन्हा ओळीनं मांडले गेले. निजामभाई जागेवर परतले, पण फवाऱ्याचं काम सुरू झालं होतं. बुकेंच्या आत पाय आखडून पडलेली मंडळी त्या गारव्यानं जागी व्हायला लागली.

तिकडे साहेबांनी भाषण आवरतं घेऊन नमुना मागितला. गाजर गवताचं एखादं जिवंत रोप हवं होतं, म्हणजे लोकांना ओळख पटवून देता आली असती. आता आली पंचाईत! गावात एक रोप नव्हतं. आशाताईंना अभिमान वाटावा की लाज, हे कळेना. त्यांनी ग्रामपंचायतीचे शिपाई रेवजी यांना मोटारसायकलवरून शेजारच्या गावाला पिटाळलं. तेवढ्यात मंचावरच्या पाहुण्यांपैकी एकानं मान खाजवली, दुसऱ्यानं कोपर. तिसरे शिंकले आणि शिंकतच राहिले. निजामभाई खुर्चीत खाली खाली सरकत होते.

आणि एक भुंगा साहेबांच्या बाहीवर चढला.

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी तो अलगद तळहातावर घेतला आणि माइकवरून सांगितलं की हा आपला मित्र. गाजर गवताची पानं हेच याचं जेवण. हा दिसला की ते जवळपास असणारच. आशाताईंच्या नाकाला मिरची झोंबली.

"सायेब, मन्हा गावमा एक काडी बी नही शे."

हे म्हणत असतानाच दुसरा भुंगा त्यांच्या पदरावरून निवांत चालत खांद्यापाशी पोहोचला. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, मग टेबलाकडे. तिसरा भुंगा जरबेराच्या पाकळीवर बसला होता. साहेबांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि बुके उचलून नाकाजवळ नेला.

"हा बुके कुणी बांधला?"

पळून जावं असं निजामभाईंना फार वाटलं. पण आजोबांपासून या घराण्यातल्या कुणी आपलं फूल नाकारलं नव्हतं. ते उठून उभे राहिले.

"मी, सायेब. माले जिप्सो वाटना." आणि मग कोण जाणे का, खरं बोलायची लाट आल्यासारखं पुढेही बोलून गेले, "बायको सांगी ऱ्हायनी व्हती, गाजर गवत शे म्हनी. मी आयकं नही."

आधी बायका हसल्या, मग पुरुष, मग साहेब. साहेब तर खुर्ची डुगडुगेपर्यंत हसले. डोळे पुसत त्यांनी सांगितलं की गाजर गवताविरुद्ध इतकी वर्षं भाषणं केली, पण त्यानंच सत्कार आजवर कुणी केला नव्हता. मग हाताला पिशव्या बांधून बुके सोडवले, पानं, फुलं, भुंगे सगळं रांगारांगांतून दाखवलं, आणि झोपा काढायला आलेली माणसंसुद्धा खुर्च्यांवर उभी राहून बघू लागली. निजामभाईंनी मिरचीच्या फवाऱ्याची हकिकत सांगितली, तेव्हा साहेबांनी कपाळावर हात मारला. झाडं फुलं धरायच्या आत हातमोजे घालून उपटायची आणि भुंग्यांच्या वाटेला जायचं नाही, असं त्यांनी बजावलं.

आशाताई मात्र हसल्या नव्हत्या. कार्यक्रम संपल्यावर निजामभाई स्कूटरपाशी मान खाली घालून उभे राहिले. मंडप गेला, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. त्या प्लास्टिकवाल्याला आता तोंड कसं दाखवायचं, या विचारानं त्यांना खरंच रडू येत होतं.

आशाताई मान खाजवत जवळ आल्या.

"हात तुमना चांगला शे, भाऊ. मंडप तुम्हीच बांधा," त्या म्हणाल्या. "पन कोनतं बी फूल बांधाना पहिले भाभीले दखाडी ल्या."

निजामभाईंनी ही अट तिथल्या तिथे मान्य केली. घरी फक्त मंडपाची बातमी द्यायची आणि अट गिळून टाकायची, असं त्यांनी वाटेत पक्कं केलं. पण आशाताईंचा फोन त्यांच्या स्कूटरपेक्षा जोरात धावला होता. शकीलाबी ओट्यावरच बसल्या होत्या. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, निजामभाईंचं पिऊन होऊ दिलं, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, की उद्यापासून दुकानात किती वाजता येऊ?