तळव्यांचे इन्स्पेक्टर

आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत गांगुर्डेसाहेब भेटले की 'नमस्कार' म्हणत नाहीत. 'पाय दाखवा,' म्हणतात.

साहेब ओझरच्या विमान कारखान्यात इन्स्पेक्टर होते. जन्मभर पत्र्यातल्या केसाएवढ्या चिरा शोधल्या. निवृत्त झाल्यावर विमानं मिळेनात, म्हणून त्यांनी आम्हा मधुमेहवाल्या म्हाताऱ्यांना धरलं. सकाळी फिरून आलो की आम्ही पाचजणांनी बूट-मोजे काढून बाकावर बसायचं आणि साहेबांनी बॅटरी मारत एकेक तळवा बघायचा. "शुगर पाय बधिर करते. आत काय चाललंय, मालकाला पत्ता नाही!" मग नाव घेऊन एकेकाचा निकाल. "आहेर, पास. पगार, बोटांच्या बेचक्यात ओल! घरी टॉवेल नाही का? रीवर्क!"

एकदा एका बाईंनी थांबून विचारलं, "काका, पायावरनं भविष्य सांगता का?"

"सांगतो की. टाचा अशाच ठेवल्यात तर दवाखाना लिहिलाय."

मी पडलो मास्तर. आयुष्यभर दुसऱ्यांचे पेपर तपासले, माझा कुणी तपासलेला मला खपेना. गुडघ्याचं निमित्त सांगून मी खाली जाणं बंद केलं आणि गुपचूप गच्चीवर फिरू लागलो. आठवड्यात साहेब दारात हजर.

"सर, पाय."

"अहो, ठणठणीत आहे! दुखत-बिखत काही नाही."

"तेच तर म्हणतोय मी."

मोजा काढला तर टाचेला रक्त सुकलेलं. बूट पाहिला, तर तळातून एक खिळा वर आला होता. त्याच्यावर मी किती दिवस चाललो देव जाणे, मला गंधवार्ता नव्हती! साहेब रिक्षा घेऊन आले आणि दवाखान्यात माझ्याआधी आत शिरले. डॉक्टर म्हणाले, "पू धरायला लागलाय. अजून उशीर केला असतात तर पाय वाचवणं अवघड होतं."

जखम भरली. माझा पाय शाबूत आहे तो या माणसामुळे, हे त्यांना तोंडावर सांगायचं म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. पेढ्यांची सोय नाही, फुटाणे नेले. साहेब एकटेच होते, घरातही मोजे घालून.

"तुम्हालाही शुगर आहे ना? मग तुमचे पाय कोण बघतं?"

साहेब घुटमळले. "आपणच बनवलेला जॉब आपण पास करायचा नसतो, सर. कारखान्याचा नियम. आधी ही बघायची. ती गेली त्याला दोन वर्षं झाली." मग उगाच हसले. "मुलं येतात की पुण्याहून. पाया पडतात. पण वरनंच."

मी कुरकुरत्या गुडघ्यांनी खाली बसलो. साहेबांनी पाय आखडून घेतले. "अहो सर, हे काय! नको, नको!"

"गप्प बसा!" वर्गात ओरडायचो तसा मी ओरडलो, मोजा ओढला आणि पाय मांडीवर घेतला. पाय गार होता. भेगा होत्या, जखम कुठे नव्हती.

बघून झालं तरी साहेबांनी पाय काढून घेतला नाही. मीही सोडला नाही.